जानकीबाईंचा नंबर

राहनाळच्या आमच्या घरचा फोन नंबर दोन प्रकारच्या माणसांना पाठ होता. एक म्हणजे ट्रान्सपोर्टवाले. आमच्या भातशेतीवर गोडाऊनं उभी राहिली तेव्हा बाबांनी प्रत्येक गेटवर लाल रंगात 'गाळा भाड्याने मिळेल' असं लिहून घेतलं आणि खाली घरचा नंबर टाकला. दुसरी म्हणजे लग्नघरं, कारण माझी आई जानकीबाई धवलारीन.

आम्हा आगऱ्यांच्या लग्नाला धवलारीन लागते. मांडवात बसून ती धवले गाते आणि तिच्या गाण्यावर हळद लागते, देव बसतात, नवरी बाहेर पडते. हल्ली भटजीही येतात, पण घाईत येतात आणि दुसऱ्या लग्नाची वेळ झाली म्हणून घाईत जातात. धवलारीन शेवटपर्यंत असते. आईने कशेळीपासून दापोड्यापर्यंत किती लग्नं लावली हे तिलाही सांगता यायचं नाही. ज्यांची लावली त्यांच्या पोरींचीही तिनेच लावली.

या धवलारणीच्या कामाचे दोन नियम आहेत आणि ते आधीच सांगितलेले बरे. पहिला, तिने स्वतःहून विचारायचं नाही. शेजारच्या घरात लग्न ठरलं तरी तिने गप्प बसायचं. बोलावणं त्या घराकडून यायला हवं. पूर्वी घरचं कोणी नारळ घेऊन दारात यायचं. फोन आल्यापासून आधी फोनवर तिची तारीख धरायची आणि मागून नारळ द्यायचा, अशी पद्धत पडली. दुसरा नियम, ती नाही म्हणाली तर त्या घराने पुन्हा विचारायचं नाही आणि कारणही विचारायचं नाही. तिच्या घरात सुतक असेल, तिचं अंग दुखत असेल, तिची कारणं तिच्यापाशी. हळदीच्या कामात ओढाताण नको, एवढाच त्यामागचा विचार.

माझा भाऊ मनोज माझ्याहून लहान. बाबा गेल्यावर गोडाऊनांचा कारभार त्याच्याकडे आला आणि तो मनोजशेठ झाला. गळ्यात साखळी, कमरेला मोबाईल, पायात पांढरे बूट. दापोड्याच्या चिखलात पांढरे बूट घालून फिरणारा दुसरा माणूस मी तरी पाहिलेला नाही. शेठचं दुखणं एकच होतं. धंद्याचे फोन घरी यायचे आणि शेठ घरी नसायचा. फोन आई उचलायची. समोरचा हिंदीत स्क्वेअर फूट विचारायचा, तर आई म्हणायची, "मनोज घरा न्हाय, शेतान गेलाय." शेत कुठलं राहिलंय, पण आईच्या लेखी गोडाऊन म्हणजे शेतच. समोरच्याला वाटायचं, चुकीचा नंबर लागला. दोन-तीन पार्ट्या अशाच गेल्या.

म्हणून २००६च्या दिवाळीत मनोजने घरचा नंबर आपल्या मोबाईलवर वळवून घेतला. टेलिफोन खात्याची तशी सोय होती. घरच्या फोनवरून काही आकडे दाबले की त्या नंबरावर येणारा प्रत्येक फोन परस्पर मोबाईलवर जायचा. घरचा फोन मग वाजायचा नाही. मात्र त्यावरून बाहेर फोन लावता यायचा आणि रिसीव्हर कानाला लावला तर टोनही यायचा, त्यामुळे बघणाऱ्याला काही बदललंय असं वाटायचं कारण नव्हतं. गेटवरचे रंगवलेले नंबर तसेच ठेवायचे आणि फोन खिशात. सोय चांगलीच होती, मी नाही म्हणत नाही. फक्त ही गोष्ट मनोजने आईला सांगितली नाही. बायकोला, जागृतीला, सांगितली. आणि जागृतीला वाटलं की आईला सांगूनच केलंय. मला तर कोणीच काही सांगितलं नाही. मी कशेळीला दिलेली. दुपारी जेवणं आटोपली की आईच मला फोन करायची, मला उलटा करायची वेळच यायची नाही.

तुळशीची लग्नं झाली आणि मोसम सुरू झाला. आई दरवर्षीप्रमाणे ओव्हरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, फोनजवळ बसून तांदूळ निवडायला लागली. फोन वाजला नाही. मार्गशीर्ष गेला, माघ गेला. संध्याकाळी राहनाळच्याच वस्तीवर बँजो वाजायचा, हळदीची गाणी लाऊडस्पीकरवर लागायची आणि आई दार लोटून घ्यायची.

"आता समद्यांकडं मोबाईल झालं," ती मला फोनवर म्हणाली. "आपल्या या डबड्यावर कोन फोन करतंय? आनि धवले पन आता सीडीवर लावतात म्हनं. बोलावनार कशाला?"

"असं काही नाही गं," मी म्हणाले.

"हाय तसाच हाय. मी न्हाय रडत. सांगतंय फक्त."

ती रडत नव्हती हे खरं. पण तिचं बोलणं कमी झालं. पूर्वी ती फोनवर मला कुठल्या लग्नात काय घडलं ते तिखटमीठ लावून सांगायची. आता सांगायला काही नव्हतं. भाजीला काय केलं ते सांगून फोन ठेवायची. मला सीडीवाल्यांचा राग यायचा, बँजोवाल्यांचा यायचा, ज्या बायकांनी आपलं लग्न हिच्या गळ्यावर लावून घेतलं आणि आता हिला विसरल्या त्या सगळ्यांचा यायचा. राग करायला मला फार कारण लागत नाही, हे माझ्या सासरी सगळे सांगतील.

त्यात फाल्गुनात कशेळीला आमच्या शेजारच्या भाविकाचं लग्न ठरलं.

भाविका म्हणजे आनंदीकाकींची मुलगी. आमच्या अंगणाला लागून त्यांचं अंगण. भाविका लहान असताना तिचे वडील अनंता खाडीत रेतीच्या बोटीवर होते, ती बोट उलटली. त्या दिवसांत आई माझ्याकडे येऊन राहिली होती आणि ती पोर आईच्या मांडीवरून उठत नव्हती. आमच्या धवल्यांत एक जागा अशी असते जिथे नवरीच्या बापाला मांडवात बोलावतात. बाप नसला तर त्याला जिथे गेला असेल तिथून नाव घेऊन बोलावतात, आणि तो आला असं धरूनच पुढे जातात. आईने तेव्हा पोरीला सांगितलं होतं, "तुझ्या लग्नान तुझ्या बापाला मी बोलवीन. बोलावला का येतोच." त्या वयाच्या पोरीला लग्न काय कळणार, पण एवढं कळलं. पुढे आई कशेळीला आली की भाविका तिला आठवण करून द्यायची.

त्यामुळे या एका बोलावण्याबद्दल आईला शंका नव्हती. लग्न ठरल्याचं मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरा झाला," आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं तांदूळ निवडणं पुन्हा सुरू झालं. रोज दुपारी मला फोन करायची, पण बोलणं लांबवायची नाही. लाईन मोकळी राहावी म्हणून.

मी आनंदीकाकींना काही विचारलं नाही. तोंडापर्यंत यायचं आणि मी गिळायची. धवलारणीच्या लेकीने विचारणं म्हणजे धवलारणीनेच विचारणं. चैत्र सरला. वैशाखात त्यांच्या दारात मांडवाचे बांबू येऊन पडले आणि एका सकाळी त्या मला म्हणाल्या, "उन्नती, उद्या पापड लाटाया ये. दापोड्याची धोंडूबाय धवलारीन येनार हाय, तिला नारल दिला काल."

मी हातातलं काम टाकलं. नियम गेला चुलीत.

"काकी, माझ्या आईला का नाही विचारलं?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनाही राग आला. "इचारला न्हाय? तारीख धरली त्याच दिवशी तुझ्या आयेच्या घरा फोन केला मी. भावसाने उचलला तुझ्या. बोलला, आयेला आता जमत न्हाय, दुसरी बघा. मंग मी काय बोलनार? दुसऱ्यांदा इचारतात का? मी तर भाविकाला दोन दिवस सांगितला पन न्हाय. पोर रडली कवढी."

"मनोज घरी होता?"

"मना काय म्हाईत. नंबर घरचाच लावला मी. ट्रकचे आवाज येत व्हते मागं."

मी त्यांच्याच घरातून राहनाळचा नंबर लावला. दोन रिंगमध्ये उचलला.

"हां जी, बोलिए. गोडाऊन चाहिए?" मागे कोणीतरी ट्रक रिव्हर्स घेत होतं, क्लीनर गाडीच्या पत्र्यावर थापा मारत होता.

"गोडाऊन नको," मी म्हणाले. "आई हवीय."

शेठने हिंदी सोडली. मग म्हणाला, "ताई? अगं, आई घरी आहे. मी दापोड्याला आहे."

"मी घरीच फोन लावलाय, मनोज."

त्यावर त्याने मला फोन वळवायची सोय कशी असते ते समजावून सांगायला सुरुवात केली. मी फोन ठेवला. आनंदीकाकींना म्हणाले, "मी राहनाळला जाते. पोचले की तुम्हाला मिस्ड कॉल देईन, तेव्हा घरच्या नंबरावर फोन करा. या वेळी आई उचलेल." त्यांनी मान हलवली, पण म्हणाल्या, "धोंडूबायला नारल दिलाय गो मी." मी ते ऐकलं, पण रागात आत उतरलं नाही.

रिक्षात बसून काल्हेर, पूर्णा मागे पडेपर्यंत मी मनोजला काय काय बोलायचं ते ठरवत होते. घरी पोचले तर आई ओव्हरीत फोनजवळ, पुढ्यात सूप. मला अवेळी बघून ती घाबरली. मी तिच्यासमोर बसले, माझा मोबाईल काढला आणि तिला म्हणाले, "आई, मी आता या फोनवर रिंग देते. बघ."

मी नंबर लावला. माझ्या मोबाईलमध्ये रिंग वाजत होती. आम्हा दोघींच्या मध्ये तो काळा फोन तसाच पडलेला, हूं की चूं नाही. मग माझ्या मोबाईलमधून मनोजचा आवाज आला, "ताई, मी निघालोय, येतोय." मी मोबाईल आईच्या कानाला लावला. तिने तो आवाज ऐकला, मग घरच्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला, टोन ऐकला आणि परत ठेवला.

"म्हंजे फोन येत व्हते," ती म्हणाली.

"येत होते. सगळे त्याच्याकडे जात होते. दिवाळीपासून."

मला वाटलं ती चिडेल. पण तिचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता. "म्हंजे लोकं इसरली न्हाईत मना," ती म्हणाली आणि सूप बाजूला सारून सरळ बसली. मग पुढची गोष्ट तिच्या लक्षात आली. "मंग तो काय सांगायचा त्यांना?"

मनोज आला तो बूट काढतच बोलायला लागला. मी तोंड उघडणार, आईने हात करून मला थांबवलं. त्याला बसायला सांगितलं. जागृती आतून पाणी घेऊन आली आणि तांब्या ठेवून दारातच उभी राहिली.

"सुरुवातीला निरोप लिहून घ्यायचो मी," मनोज म्हणाला. "पण पार्टीबरोबर उभा असायचो, मध्येच हे फोन. घरी येईपर्यंत डोक्यातून जायचं. वेहेळ्याच्या एका घराचा निरोप असाच राहिला, नारळ मांडवातच देतो म्हणालेले, ते हळदीच्या दिवशी वाट बघत बसले. मला इतक्या शिव्या घातल्या. मग मी ठरवलं, आधीच नाही सांगायचं. आणि खरं सांगू का, आई, तुझी बीपीची गोळी चालू आहे. रात्र रात्र मांडवात बसतेस. ज्या पार्ट्यांना मी गोडाऊन देतो त्यांच्या लग्नात माझी आई नारळ आणि लुगड्यावर गायला बसते. मला बरं नाही वाटत."

"कोनाला बरा वाटत न्हाय? तुना का त्यांना?"

"मला," मनोज म्हणाला. खोटं बोलला नाही, एवढं त्याचं मान्य करते.

"कोनकोनाचे फोन आलं?"

तो आठवायला लागला. वेहेळ्याचे ते. पिंपळासचे एक. काल्हेरचे दोघे, सख्खे भाऊ, एकाच मांडवात. कोनचं एक घर. कशेळीच्या आनंदीबाई. अजून होते, आठवत नाहीत. प्रत्येक नावाला आई विचारत होती, "पोराचा का पोरीचा? कोनाच्या घरान दिली? आजी हाय का जित्ती?" आणि प्रत्येक वेळी मनोजचं उत्तर एकच, माहीत नाही.

"तू काय बोललास त्यांना?"

"बोललो ना, आईला आता जमत नाही, दुसरी बघा."

"आनि?"

"आणि काय? ठेवला फोन."

आईने फोन आपल्याकडे ओढून घेतला. मग म्हणाली, "तो आकडा फिरव परत. फोन घरान येऊ दे."

"अगं पण धंद्याचे फोन..."

"गेट तुझं हायत, रंगारी तुझा हाय. तुझा नंबर लिव तिथं."

मनोजने माझ्याकडे बघितलं. मी मदत करणार नाही हे त्याला दिसलं. तो उठला, रिसीव्हर उचलून आकडे दाबले, ऐकलं, ठेवला. मी आनंदीकाकींना मिस्ड कॉल दिला.

फोन वाजला. इतक्या महिन्यांनी वाजल्यामुळे असेल, सगळ्या घरात घुमला. मनोजचा हात सवयीने कमरेकडे गेला. आईने पदर नीट केला आणि रिसीव्हर उचलला.

"आनंदी, बोल."

पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं. आई ऐकत होती, मध्येच हूं म्हणत होती. नवरदेव कुठला, त्याची आई कोणाची, तिने विचारलं. कांदळीचं घर निघालं. त्या घरचं एक लग्न तिने लावलं होतं, ते कोणाचं ते दोघींनी मिळून काढलं. हळद कोण दळतंय, मांडवाला उंबराची फांदी आणली का, भाविका जेवते का नीट, सगळं विचारून झालं. माझ्या मनात मी तेवढ्यात आईचं सामान भरायला घेतलं होतं. चार दिवस आधी माझ्याकडेच येऊन राहील, म्हणजे दगदग होणार नाही.

मग आई म्हणाली, "न्हाय गो बाय. असा न्हाय करायचा."

मी तिच्याकडे बघितलं.

"धोंडूबायला नारल दिलास ना? मंग तीच. दिलेला नारल परत घेशील तर ती कंच्या तोंडाने गावान फिरंल? तिच्या जागी मी असते तर? आनि एका मांडवान दोन धवलारनी बसत न्हाईत, तुना ठाव हाय. मी तुझ्या दारान यायची न्हाय, त्या दिवशी न्हाय. पन तू मनाला लावून घेऊ नको. तुझी चूक न्हाय. ऐक. धोंडूचा गला चांगला हाय, माझ्यापक्षा चांगला. फक्त तिला एक सांग. अनंताला बोलवतांना घाई करू नको म्हनावं. नाव घेतला का थांबायचा. तीन येला बोलवायचा आनि दर येला थांबायचा, खाडी वलांडून यायला येल लागतो मानसाला. पोरीला सांग, आजीने सांगितलाय, तो आला का मंगच हलद लाव."

पलीकडे आनंदीकाकी रडत असाव्यात, कारण आई थोडा वेळ नुसती बसून राहिली, रिसीव्हर कानाला. मग तिने हळू आवाजात तो धवला म्हणून दाखवला, बापाला बोलावण्याचा, अनंताचं नाव घालून. नाव घेतलं की थांबायची. आवाज सुरुवातीला चिरकला, मग सुराला लागला. ओव्हरीत आम्ही तिघे उभे. मनोजच्या मोबाईलवर कोणाचा तरी फोन आला, त्याने तो बंद केला.

"भाविकाला दे जरा," आई म्हणाली. मग पोरीशीही बोलली. ते बोलणं लांबलं. आपल्याला का येता येणार नाही ते पहिल्यापासून पुन्हा समजावून सांगितलं, एकदा नाही, दोनदा, न कंटाळता. लग्नानंतर पाचपरतवणीला राहनाळला ये म्हणाली, तुला करंज्या करून ठेवते म्हणाली. पोर शेवटी हसली असावी, कारण आईही हसली. मग रिसीव्हर ठेवला.

मनोज भिंतीला टेकून उभा होता. "आई," तो म्हणाला, "मी धोंडूबाईंकडे जातो. पाया पडतो त्यांच्या. माझी चूक आहे ती मी सांगतो, त्या नाही म्हणणार नाहीत."

"बस खाली," आई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "मी न्हाय बोलली ना. झाला."

तो बसला, तिच्याजवळ, खालीच. आईने सूप पुढ्यात ओढलं, तांदळात हात घातला आणि तसाच ठेवला. मग तिचा चेहरा कसा तरी झाला आणि ती माझ्याकडे न बघता, मनोजकडे बघून म्हणाली, "मना जायाचा व्हता रे. या एका लग्नान मना जायाचा व्हता."